कॉफीवर ठरलेला भाव

गोठवलेल्या रासबेरीच्या आयातीत उतरायचं तर सर्बिया टाळून चालत नाही. या फळाच्या मोठ्या निर्यातदारांत हा देश मोडतो. पश्चिमेकडच्या आरिल्ये, इवान्यित्सा भागात डोंगरउतारावर छोट्या छोट्या बागा आहेत. जून-जुलैत तोडणी होते आणि फळ लगेच गावातल्या शीतगृहात जातं.

अशाच एका शीतगृहाच्या मालकाशी तोडणीच्या बऱ्याच आधी माझा भाव ठरला. कॉफी झाली, राकिया ही घरची फळांची दारू झाली, हातावर हात पडला. जुलैत निरोप आला: शेतकऱ्यांचा दर चढलाय, जुन्या भावात माल परवडत नाही. वाढीव दर मोजून घेतलेल्या मालातही चुराच फार निघाला. मालकाला लबाड म्हणणार नाही. तिथे खरेदीचा दर मोसम तोंडावर येईपर्यंत पक्का होत नाही. त्यावरून शेतकरी रस्त्यावरही उतरले आहेत.

म्हणून करारात दर युरोत लिहून घ्या आणि तो कोणत्या तारखेपर्यंत बांधील, तेही लिहा. मालाची प्रतही त्यात हवीच. अखंड, सुट्या दाण्यांना तिथे ‘रोलेंड’ म्हणतात, चुऱ्याला ‘ग्रिझ’. चुरा किती टक्के चालेल आणि तपासणी कुठे होईल, हे आधीच ठरवा. उणे १८ अंशांची अट वाहतुकीलाही लावा.

आगाऊ रक्कम धाडण्याआधी समोरची कंपनी तपासा. तिचा आठ अंकी नोंदणी क्रमांक मागा. व्यवसाय नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर मालकी आणि पत्ता पाहता येतो. देणी थकल्यामुळे कंपनीचं बँक खातं गोठवलं असेल, तर ते सर्बियाच्या राष्ट्रीय बँकेच्या संकेतस्थळावर दिसतं. नावं सिरिलिक आणि लॅटिन अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जातात, म्हणून नावापेक्षा क्रमांक जुळवा.

स्वतः तिथे जाणार असाल तर लक्षात ठेवा, सर्बिया युरोपीय संघात नाही. देशात खर्चाला दिनार लागतो; एका युरोला साधारण ११७ दिनार. संघातल्या देशात घेतलेलं सिमकार्ड सर्बियात फुकट रोमिंग देईल असं समजू नका, स्थानिक कार्ड घ्या. कामाचे निरोप बरेचदा व्हायबरवर येतात. १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांचा व्हिसामुक्त प्रवेश बंद झाला आहे. वैध शेंगेन, ब्रिटिश किंवा अमेरिकी व्हिसावर सवलत आहे, तरी निघण्यापूर्वी दूतावासाकडून खात्री करा. मुक्कामाची पोलिसांकडे २४ तासांत नोंद व्हावी लागते. हॉटेल ती करतं. कुणाच्या घरी उतरलात तर यजमानाला आठवण द्या.

ऑर्थोडॉक्स नाताळ ७ जानेवारीला असतो, त्यामुळे डिसेंबरअखेरपासून कामं रेंगाळतात. कुटुंबाच्या संताचा दिवस, म्हणजे ‘स्लावा’, असेल तर त्या दिवशी बैठक मागू नका. बोलावलं तर जरूर जा. शाकाहारी असाल तर ‘पोस्नो’ म्हणजे उपासाचं जेवण मागा. त्यात मांस, अंडी, दूध नसतं. मासे मात्र असू शकतात, तेवढं विचारून घ्या.

कॉफीला नाही म्हणू नका, तिथे ओळख तिच्यावरच होते. पण भावाचा कागद सही होऊन हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.