दोन ड्रायव्हरच्या गाडीत आधी झोपेचा हिशेब विचारा

पिंपळगाव-लासलगावचा कांदा, टोमॅटो, द्राक्षे किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला माल घेऊन दिल्ली-कोलकात्याकडे जाणाऱ्या गाड्यांवर अनेकदा दोन ड्रायव्हर असतात. एक चालवतो, दुसरा मागच्या फळीवर आडवा होतो आणि गाडी डिझेल-जेवणापुरतीच थांबते. हेवीचे लायसन नुकतेच हाती आलेल्या तरुणाला हे काम हलके वाटते, कारण अर्धा रस्ता जोडीदाराचा असतो. डॉक्टर म्हणून माझा सल्ला असा, की अशी नोकरी धरताना पगार आणि भत्त्याच्या आधी झोपेचा हिशेब विचारा. दुसऱ्या ड्रायव्हरमुळे गाडी चालती राहते, पण तेवढ्याने दोघांची झोप पुरी होत नाही. आणि रात्रीच्या रस्त्यावर जीव वाचवते ती पुरी झालेली झोपच.

हा विचार आपल्या कायद्यांतही दिसतो. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत आणि दुसऱ्याला अंग पसरून झोपता येईल अशी जागा केबिनमध्ये हवी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम वर्षानुवर्षे होता. दोन ड्रायव्हरची सक्ती 2018 मध्ये काढण्यात आली. त्याआधी 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचे तास दिवसाला 8 आणि लांब पल्ल्यावर फार तर 10 ठरवले होते. सलग 5 तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग 9 तास मोकळीक, असेही त्यात होते. हे आकडे शरीराच्या गरजेशी जुळतात. जेवण-अंघोळ धरून 9 तास मिळाले, तरच 7 तासांची झोप पदरात पडते.

झोप कमी पडली की काय होते, हे मोजता येते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1997 मध्ये दाखवले, की सलग 17 तास जागा असलेला माणूस हाताने नेमके काम करताना जेवढा चुकतो, तेवढाच 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेला माणूस चुकतो. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबभर दारू न पिता तुम्ही मर्यादा ओलांडलेल्या माणसासारखे चुकू लागता. इथे नवे ड्रायव्हर एक गोष्ट विसरतात. थकव्याचे घड्याळ स्टिअरिंग हातात घेतल्यावर नव्हे, सकाळी डोळे उघडल्यावर सुरू होते. सकाळी 6 ला उठून दिवसभर मार्केटमध्ये लोडिंग, वजनकाटा आणि ताडपत्री बांधण्यात गेला, तर रात्री 11 वाजताच 17 तास भरतात. पुढे 2 ते 6 या वेळेत शरीराचे स्वतःचे घड्याळही झापड आणते. म्हणून लोडिंगच्या दिवशी, रात्री गाडी नेणाऱ्याला दुपारी झोपू द्यावे आणि माल भरून घेण्याचे काम दुसऱ्याने सांभाळावे.

यावर कोणी म्हणेल, एकट्यापेक्षा दोघे बरेच ना? हो, बरे. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये केलेल्या अभ्यासात जोडीने चालवणाऱ्यांपेक्षा एकट्या ड्रायव्हरमध्ये अतिथकव्याचे प्रसंग जास्त दिसले. जोडीदार असला की थकलेला माणूस वेळेवर गाडी सोपवतो. पण त्याच अभ्यासात असेही आढळले, की चालत्या गाडीतली झोप हादरे आणि आवाजामुळे तुटक होते. आपल्या उत्तरेच्या वाटेवर चांदवडजवळचा राहुड घाट लागतो, पुढे सेंधव्याजवळ बिजासन घाट. ब्रेक आणि वळणांत फळीवरच्या माणसाला गाढ झोप लागत नाही. त्यामुळे फळीवरचे 5 तास घरच्या 5 तासांइतके धरू नका. चोवीस तासांत एकदा तरी गाडी सुरक्षित जागी उभी करून दोघांनी 4-5 तास सलग झोपावे. झोपेतून उठल्या उठल्या स्टिअरिंग घेऊ नये. तोंड धुऊन, चालून, निदान 20-30 मिनिटे जाऊ द्यावीत.

‘सवय होते’ हा दुसरा आक्षेप. त्याला विज्ञानाचा आधार नाही. अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन आठवडे रोज 6 तासच झोपलेल्या निरोगी लोकांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी ढासळली, आणि आपण इतके बिघडलो आहोत हे त्यांना जाणवलेही नाही. सवय होते ती झोप न आल्याच्या भ्रमाची. चहा-कॉफीने तात्पुरता आधार मिळतो, तंबाखू-गुटखा कर्करोग देतो आणि जागरणाच्या गोळ्या उतरल्यावर झोप अचानक गाठते. तिसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो खरा आहे: फेरी लवकर झाली की पैसे जास्त, उशीर झाला की टोमॅटो सडतो. पण अपघातात सापडलेला माल ना वेळेवर पोचतो, ना पूर्ण. आणि ड्रायव्हर जायबंदी झाला तर घराची कमाई वर्षभर थांबते. थांब्याचा वेळ भाड्यात धरणे हे मालकाचे काम आहे, तो ड्रायव्हरच्या झोपेतून कापायचा नाही.

जोडीने काम करण्याचा एक मोठा फायदाही घ्या. तुमची झोप कशी आहे हे तुम्हाला दिसत नाही, जोडीदाराला दिसते. तो जोरात घोरतो, मध्येच श्वास थांबतो, दचकून उठतो, दिवसाही पेंगतो असे दिसले, तर त्याला छातीविकारतज्ज्ञाकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. हा झोपेतील श्वासरोध असू शकतो. त्याने अपघाताचा धोका दुपटीहून अधिक वाढतो आणि त्यावर चांगला उपचार आहे. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांनी गुंगी येते. ती घेण्यापूर्वी डॉक्टरांना आपण ड्रायव्हर आहोत हे सांगा. मधुमेहाची इन्सुलिन किंवा गोळी चालू असेल, तर जेवण चुकवू नका.

तेव्हा नव्या मित्रांनो, आडगावच्या ट्रक टर्मिनलवर नोकरीचे बोलणे करताना चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: पाळी किती तासांची, ती रोज ठरल्या वेळीच बदलणार का, गाडी झोपेसाठी कुठे थांबणार, आणि ‘मला झोप येतेय’ म्हटल्यावर पैसे कापले जाणार का. चौथ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर ती गाडी घेऊ नका.