खांब, कमान आणि घुमट : आपल्या लेण्यांतील वास्तुकलेची वाटचाल

अन्न, वस्त्र आणि निवारा ह्या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, हे आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो. परंतु निवाऱ्याला खांब कसा आला, कमान कशी आली, घुमट कसा आला, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्याकडून कार्ले, भाजे, अजिंठा, वेरूळ येथे सहली जातात. वंदना होते, फोटो निघतात आणि गाडी परत फिरते. लेणी पाहिली जातात, वाचली जात नाहीत. पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांनी छताकडे आणि खांबांकडेही पाहावे, आणि नवे विहार बांधताना आपण मोठ्यांनी त्यातून काही बोध घ्यावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

खांब आणि तुळई

दोन खांब उभे करून त्यांवर एक आडवी तुळई टाकली की इमारतीची सुरुवात होते. शेतातली खोपही अशीच उभी राहते. लाकूड भार आला तर थोडे वाकते, पण सहन करते. दगड मात्र दाबाला कणखर आणि वाकविण्याला कमजोर असतो. लांब दगडी तुळई मध्येच तडकते. म्हणून दगडी इमारतींत खांब जवळजवळ ठेवावे लागतात. ग्रीस देशातील प्रसिद्ध मंदिरांतही अशी खांबांची दाटी आढळते, आणि तेथील दगडी नक्षीत जुन्या लाकडी तुळयांच्या टोकांची नक्कल आहे, असे मानले जाते. म्हणजे साहित्य बदलले तरी आकार लगेच बदलत नाही. ही गोष्ट आपल्या लेण्यांत सर्वांत स्पष्ट दिसते.

दगडातील लाकूडकाम

बिहारमधील बराबर डोंगरात सम्राट अशोकाच्या काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील गुंफा आहेत. त्यांपैकी लोमश ऋषी गुंफेचे दार म्हणजे लाकडी झोपडीच्या दर्शनी भागाची दगडातील हुबेहूब प्रतिकृती होय. महाराष्ट्रात भाजे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील आहे. तेथील खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी घरात वरच्या गोल छताचा रेटा बाहेर येतो, तो पेलण्यासाठी खांब असे तिरपे रोवीत. डोंगरात कोरलेल्या छताला असा रेटा नसतोच. तरीही खांब तिरपे कोरले, कारण हाताला तीच सवय होती.

लेण्यातील खांब वास्तविक फारसा भार पेलतच नाही. छत हा डोंगराचाच भाग असतो. कित्येक लेण्यांत खांब मधूनच तुटून गेला, तरी छत जागच्या जागी आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंना १५-१५ आणि स्तूपामागे ७ असे ३७ खांब आहेत. वर गोल छताला खऱ्या सागवानी लाकडाच्या कमानी बसविलेल्या आहेत. छताला त्यांची गरज नव्हती, पण त्यांच्याशिवाय घर घरासारखे वाटले नसते. पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्यात ह्या कमानीही दगडातच कोरल्या गेल्या. वेरूळचे १० क्रमांकाचे लेणेही तसेच. लोक त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. इतिहास न शिकलेल्या माणसानेही मूळ बरोबर ओळखले!

ही कल्पना नव्हे, शिलालेखांचाच पुरावा आहे. कार्ल्याच्या दर्शनी भागावर कोरले आहे, की धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दार घडविले. पितळखोरे येथील यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास ह्या सोनाराचे नाव आहे. कोंढाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बालक आपले नाव ठेवून गेला आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा लेख आहे. सुतार, सोनार, हस्तिदंताचे कारागीर ह्यांनी आपापल्या धंद्याचे कसब दगडात उतरविले. ह्या कामात राजांची नावे आहेत, तशी कष्टकऱ्यांचीही आहेत, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

स्तूप, विहार आणि गवाक्ष

स्तूप म्हणजे मुळात मातीचा ढिगारा. सांचीचा स्तूप आधी विटांचा होता, नंतर त्यावर दगडाचे आच्छादन चढले. त्याभोवतीचा दगडी कठडा पाहिला तर तो कुंपणाच्या लाकडी खांब-दांड्यांसारखाच आहे. जुन्नरच्या तुळजा लेण्यात गोलाकार दालनात स्तूपाभोवती १२ खांब असून वर घुमटासारखे छत आहे.

विहाराची रचना आपल्या चौसोपी वाड्याशी ताडून पाहावी. मध्ये मोकळी जागा, भोवती भिक्खूंच्या खोल्या. वर्षावासात राहण्याची सोय हा त्यामागचा हेतू. आणि चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील पिंपळपानाच्या आकाराचे मोठे गवाक्ष हे केवळ शोभेचे नाही. त्यातून येणारा उजेड थेट आतल्या स्तूपावर पडावा, म्हणून ते आहे.

कमान आणि घुमट

चैत्यगवाक्ष कमानीसारखे दिसते, परंतु ती भार पेलणारी खरी कमान नव्हे, तो वाकविलेल्या लाकडाचा आकार आहे. खऱ्या कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबून धरतात आणि मधला कळीचा दगड बसला की कमान स्वतःच्या पायावर उभी राहते. येथे दगडाला वाकावे लागत नाही, फक्त दाब सोसावा लागतो. ही कमान चहूबाजूंनी फिरविली की घुमट होतो.

त्याचे धडे आपल्या भिंगारच्या आसपासच आहेत. निजामशाहीतील दमडी मशीद १५६७ च्या सुमाराची. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी दमडी-दमडी वर्गणी काढून ती उभारली, अशी आख्यायिका आहे. आपण ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतो, ती सलाबतखानाची अष्टकोनी कबर डोंगरावर आजही उभी आहे. कार्ल्याच्या खांबांवर ज्याप्रमाणे एकेका दात्याचे नाव, त्याप्रमाणेच ही दमडीची गोष्ट. वास्तू कोणत्याही धर्माची असो, ती अनेकांच्या वर्गणीतून आणि हातांतून उभी राहते.

आजचा विहार

नागपूरची दीक्षाभूमी ही ह्या वाटचालीतील पुढची पायरी होय. वास्तुशिल्पी शिवदान मल ह्यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या ह्या स्तूपाचे लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी झाले. सांचीचा स्तूप भरीव, त्याला प्रदक्षिणाच घालता येते. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ, त्यात हजारो माणसे आत जातात. १९५६ साली लाखोंनी धम्म स्वीकारला, त्या समाजाला आत घेणारा स्तूपच हवा होता. मुंबईजवळ गोराई येथील २००९ सालच्या पॅगोडात तर एकमेकांत अडकविलेल्या दगडांचा घुमट मधल्या खांबांशिवाय उभा आहे, आणि त्याखाली सुमारे आठ हजार साधक बसू शकतात.

गरज बदलली की आकार बदलतो. आपण मात्र कित्येकदा स्लॅबच्या चौकोनी खोलीवर सिमेंटचे पिंपळपान चिकटवितो आणि आत दिवसाही ट्यूबलाइट लावतो. गवाक्षाचा आकार घेतला, उजेड मात्र बाहेरच ठेवला.

बँकेत नोकरी करणाऱ्या मला नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यातील उषवदाताचा लेख विशेष मोलाचा वाटतो. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापणे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली. वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यावयाची होती. हिशेब चोख जुळतो! लेणे कोरले तेव्हाच त्यात राहणाऱ्यांची तरतूदही झाली होती.

म्हणून विहार बांधताना आधी तीन प्रश्न विचारावेत. येथे कोण बसणार? उजेड कोठून येणार? रोजचा खर्च कशातून चालणार? अभ्यासिकेत मुले बसली, बायाबापड्यांना वंदनेला हवेशीर जागा मिळाली, तर साधी पत्र्याची वास्तूही विहार ठरेल. सामी सुताराने घडविलेले दार सुमारे दोन हजार वर्षे उघडे आहे. आपण बांधलेले दारही रोज उघडे राहावे, हीच अपेक्षा.

जयभीम! नमो बुद्धाय!