गुंतवणुकीच्या खेळातील वाटणी

गुंतवणुकीच्या खेळाची रीत सोपी आहे. प्रत्येक गटाला कागदावर एक लाख रुपये द्यावयाचे; त्या रकमेतून गटाने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे समभाग वर्तमानपत्रातील बंद भावाने वहीत विकत घ्यावयाचे; आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्यांची किंमत पुन्हा मांडून नफातोटा काढावयाचा. पैसा खोटा, भाव मात्र खरे. समभाग म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहानसा वाटा, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे गणित शेकडेवारी येणाऱ्या कोणालाही जमते. अर्धा समभाग मिळत नाही, हेही विसरू नये. जून 2023 मध्ये एमआरएफ या टायर बनविणाऱ्या कंपनीच्या एका समभागाचा भाव लाख रुपयांच्या वर गेला होता. आमच्या गटांची सारी पुंजी त्या एका कागदालाही पुरली नसती!

खरा प्रश्न लाखाच्या वाटणीचा आहे. सगळी रक्कम एका ठिकाणी घालू नये, हे आमच्या मावल्याच्या शिवाराला नवे नाही. येथे कपाशीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ टाकतात. गुलाबी बोंडअळी कपाशीची बोंडे पोखरते, तुरीच्या वाटेस जात नाही. शिवाय तुरीचे मूळ खोल जात असल्यामुळे पावसाने मध्येच दडी मारली तरी ती तग धरते.

बाजारातील बोंडअळीचे उदाहरण हैदराबादेतच घडले. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची लेखी कबुली दिली आणि 179 रुपयांच्या आसपास असलेला समभाग त्याच दिवशी 40 रुपयांच्या आत आला, म्हणजे सुमारे 78 टक्के उतरला. लाख रुपये त्यातच असते तर 22 हजार उरले असते. आता दहा कंपन्यांत दहा-दहा हजार होते असे समजा. सत्यममध्ये 7,800 गेले. त्या दिवशी सेन्सेक्सही सुमारे सात टक्के घसरला होता; उरलेले 90 हजार तितकेच उतरले असे धरले तर आणखी 6,300 गेले. शिल्लक 85,900. घाव लागला, पण घर उभे राहिले.

येथवर विद्यार्थ्यांना पटते. अडचण पुढे येते. दहा कंपन्या निवडा म्हटले की पुष्कळ गट ओळखीच्या बँका, त्यांच्या जोडीला कर्ज देणाऱ्या दोन कंपन्या आणि घरे बांधणारी एक अशी यादी आणतात. नावे दहा झाली, परंतु व्याजाचे दर चढले अथवा कर्जे थकली की ही दहाही एकदमच आजारी पडणार. नावे मोजून विभागणी होत नाही; बुडण्याची कारणे वेगळी आहेत काय, हे पाहावे लागते.

मुंबईने हा धडा 1865 मध्ये फार महागात घेतला. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचा भाव कडाडला. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका निघाल्या, सावकारी कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणारी बॅक बे कंपनी निघाली. बँकांनी समभाग तारण ठेवून कर्जे दिली व त्या कर्जांतून आणखी समभाग घेतले गेले. धंदे निरनिराळे दिसत होते, पण साऱ्यांच्या मुळाशी एकच कापूस होता. 1865 च्या वसंतात युद्ध संपले, कापूस उतरला आणि सारेच एकमेकांवर कोसळले. बॉम्बे बँकेसारखी जुनी पेढीही सावरली नाही. 1868 मध्ये ती गुंडाळावी लागली.

आम्ही मूळचे कोकणी मुलखातले. तिकडे कुळागरात पोफळी, माड, केळी, पोफळीवर चढलेली मिरी असे सारे एकत्र नांदते. मिरी पडली तर सुपारी तारते. परंतु सगळ्यांना पाणी एकाच पाटाचे! झरा आटला तर विविधतेचा उपयोग फारसा उरत नाही.

हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1952 मध्ये हेच गणिताने मांडले: समभाग एकटा तोलू नये, तो इतरांच्या संगतीत कसा चढतो-उतरतो ते पाहावे. या कामाबद्दल त्याला 1990 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ उघड आहे. कापसाचा भाव पडला की शेतकऱ्याच्या घरात चिंता शिरते, पण सूतगिरणीला तोच कापूस स्वस्त मिळतो. ज्याची भाकर कापसावर आहे, त्याने खऱ्या बचतीचे पैसे बियाणे व खते यांच्याच कंपन्यांत घालणे म्हणजे एकाच पावसावर दुसऱ्यांदा पैज लावणे होय.

विभागणी सर्व संकटांवर उतारा नव्हे. 2008 या एका वर्षात सेन्सेक्स निम्म्याहून अधिक घसरला. तेव्हा चांगल्या वाटणीचेही हाल झाले. लवकर लागणारा पैसा म्हणूनच बाजारात ठेवू नये.

खेळातही एक खोड आहे. बक्षीस फक्त पहिल्याला असेल तर समंजस वाटणी करणारा गट बहुधा मधल्या क्रमांकावर राहतो आणि सर्व रक्कम एका डावावर लावणाऱ्यांपैकी कोणीतरी जिंकतो. हरणाऱ्याचे काही जात नाही. खऱ्या व्यवहारात जाते. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाल्याचे दिसले. अठरा वर्षे पूर्ण होताच मोबाइलवर खाते उघडण्याच्या गोष्टी वर्गात चालतात, म्हणून हा आकडा येथे मुद्दाम दिला.

यास्तव पुढील फेरीत नियम बदलला आहे. प्रत्येक कंपनीच्या नावापुढे ‘ही कशाने बुडेल?’ याचे उत्तर एका ओळीत लिहावयाचे. एकच उत्तर तीनपेक्षा अधिक नावांपुढे आले तर यादी परत मिळेल. निम्मे गुण या उत्तरांना, निम्मे नफ्यातोट्याला. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारण्यास हरकत नाही. पावसाविषयी तर त्यांनाच विचारावे.