मुलांस वेळेचे वळण कसे लावावे

काटोल व नरखेडकडील संत्र्याच्या बागवानास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आंबिया बहार धरावयाचा तर डिसेंबरच्या सुमारास झाडांचे पाणी तोडावे, ताण द्यावा, आणि मग पुन्हा पाणी सोडावे. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात. पाणी सतत चालू ठेविले तर पालाच वाढतो; ताण अति झाला तर झाड खंगते. मुलांस वेळेचे वळण लावणे हेही असेच काम आहे.

प्रथम आपली चूक पाहू. सकाळी मुलास वही सापडत नाही. आपणच धावून शोधून देतो, वर रागावतो. संध्याकाळी ते अभ्यासास बसते न बसते तोच त्यास दुकानात धाडतो, गुरांस पाणी पाजावयास सांगतो, आणि अभ्यास राहिला म्हणून रात्री मारतो. वेळ मोडली आम्ही, मार खाल्ला मुलाने! हा न्याय नव्हे.

पहिला धडा : जागा. दप्तरास एक खुंटी, पुस्तकांस एक कोनाडा ठरवून द्यावा. निजण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाचे दप्तर मुलानेच भरावे.

दुसरा धडा : वेळ. सहा ते बारा वर्षांच्या मुलांस रोज ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी सहाला उठावयाचे, तर रात्री नऊला निजणे भाग आहे. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांस कळविले. परंतु घरात अकरापर्यंत मोबाइल चालू राहिला, तर त्याचा लाभ काय? अभ्यासाची घटका ठरली की त्या वेळी मुलास दुसरे काम सांगू नये. घरची कामे त्याने अवश्य करावी; पण त्यांचीही वेळ ठरलेली असावी.

तिसरा धडा : ताण. पहिला आठवडा दप्तर मुलाबरोबर बसून भरावे. दुसऱ्या आठवड्यात केवळ विचारावे. तिसऱ्यात गप्प राहावे. एखादे दिवशी वही घरी राहील. ती घेऊन शाळेत धावू नये, आणि टोमणेही मारू नयेत. तेवढी लहानशी हानी त्यास शहाणे करील. मात्र अगदी लहान मुलावर एका वेळी एकच काम सोपवावे, आणि ते थकले तर पुन्हा हात द्यावा.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचे तीन आठवडे ह्या आरंभास उत्तम होत.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या घरी मुलाच्या वस्तूंस ठरलेली जागा आहे काय?
२. गेल्या आठवड्यात मुलाचा अभ्यास आपण किती वेळा मोडला?
३. मुलाचे कोणते काम आपण अजून विनाकारण करीत आहो?