गांवच्या शाळेंतील रिकामी जागा

(अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीं मंडळ्या, उपदेशक व शिक्षक यांजकरितां एक पाठ)

सकाळीं शाळेची घंटा झाली म्हणजे गुरुजी हजेरी घेतात. ज्याचें नांव पटावर आहे तो "हजर" म्हणतो. जो आला नाहीं त्याच्या नांवापुढें खूण होते. परंतु बहुतेक गांवीं एखादें मूल असें असतें कीं, ज्याचें नांव कधीं पुकारिलेंच जात नाहीं. तें दारांत बसून इतर मुलांस शाळेस जातांना पाहतें. कोणी त्यास आंधळें म्हणतें, कोणी मुकें, कोणी वेडें. त्याच्या गैरहजेरीची नोंद कोणत्याही वहींत नसते. आज आपण या मुलाविषयीं विचार करूं.

१. आरंभीं माझी चूक

दहाबारा वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. एका वाडींत सात वर्षांची एक मुलगी होती. ती बोलत नसे. आईनें तिला शाळेंत नेलें, तेव्हां "हिला येथें बसवून काय उपयोग? मुक्यांच्या शाळेंत घाला," असें उत्तर मिळालें. तशी शाळा दूर शहरांत होती. आई रडत माझ्याकडे आली. मीं तिचें सांत्वन केलें, प्रार्थना केली, आणि "घरींच राहूं द्या, शेळ्या राखील, तुमच्या हाताशीं होईल," असा सल्ला दिला. मीं दया केली असें मला वाटलें.

तीन वर्षांनीं तिची तपासणी झाली, तेव्हां समजलें कीं मुलीच्या वाचेंत कांहीं दोष नव्हता. तिला फार कमी ऐकूं येत होतें. आणि जें कानीं पडत नाहीं तें जिभेवर येत नाहीं. श्रवणयंत्र मिळाल्यावर ती थोडे शब्द बोलूं लागली. परंतु भाषा ज्या वर्षांत सहज रुजते तीं पहिलीं वर्षें निघून गेलीं होतीं. आईनें मला दोष दिला नाहीं. "पाळकसाहेब, तेव्हांच कळलें असतें तर," एवढेंच ती म्हणाली. तें मी आजवर विसरलों नाहीं, म्हणून हा पाठ लिहीत आहें.

२. दोष कोणाचा?

मूल अपंग जन्मलें कीं गांव प्रथम कारण शोधतें. कोणी म्हणतें, आईनें ग्रहण पाळलें नाहीं. कोणी म्हणतें, करणी झाली. कोणी म्हणतें, पाप भोंवलें. मंडळींतही हें शेवटचें उत्तर दबल्या आवाजांत ऐकूं येतें. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं हाच प्रश्न केला होता, कीं पाप त्याचें कीं त्याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही उत्तरें नाकारिलीं (योहान, अध्याय ९). खरीं कारणें शरीराचीं आहेत: गरोदरपणीं आईस झालेला रुबेला, जन्मतेवेळीं बाळाच्या मेंदूस प्राणवायूचा तुटवडा, नवजात बाळाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, दुर्लक्षिलेला वाहता कान, कांहीं घराण्यांत उतरणारे दोष. कित्येकदां कारण समजतच नाहीं. कसेंही असो, आईबापांच्या माथ्यावरचें दोषाचें ओझें उतरविणें हें पहिलें काम होय. जेथें लाज असते तेथें मूल लपविलें जातें, आणि लपविलेल्या मुलास कोणीही शिकवूं शकत नाहीं.

आतां दुसरी एक गोष्ट पाहा. शाळेस तीन पायऱ्या आहेत आणि मूल चाकांच्या खुर्चींत आहे. त्यास कोण अडवितें? त्याचे पाय, कीं त्या पायऱ्या? पाय बदलणें आपल्या हातीं नाहीं; पायऱ्यांशेजारीं उतार बांधणें आपल्या हातीं आहे. "हें मूल शिकूं शकत नाहीं" असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळदां "याला कसें शिकवावें हें आम्हांस अजून ठाऊक नाहीं" एवढाच त्याचा अर्थ असतो. मूल शाळेजोगें होईल तेव्हां त्यास घेऊं, असें न म्हणतां शाळा मुलाजोगी करावी, हेंच आजच्या समावेशित शिक्षणाचें सार आहे.

३. कूव्रे गांवचा मुलगा

फ्रान्स देशांत पॅरिसजवळ कूव्रे नांवाचें एक गांव आहे. तेथें इ. स. १८०९ मध्यें लुई ब्रेल जन्मला. त्याचा बाप घोड्यांचीं खोगिरें व चामड्याचें सामान करी. तीन वर्षांचा लुई बापाच्या कारखान्यांत खेळत असतां आरी त्याच्या डोळ्यास लागली. पुढें विकार दुसऱ्या डोळ्यांतही गेला, आणि तो पुरता आंधळा झाला.

त्या काळीं आंधळ्यास बहुधा भीकच मागावी लागे. परंतु या मुलास तीन माणसें भेटलीं. बापानें त्यास काठीनें वाट शोधावयास व हातांनीं काम करावयास लाविलें. गांवच्या धर्मगुरूनें त्यास जवळ बसवून शिकविलें. आणि त्याच्या सांगण्यावरून गांवच्या शाळामास्तरानें त्यास डोळस मुलांच्या शेजारीं बांकावर जागा दिली. मुलगा केवळ ऐकून शिके, आणि त्याची गणना हुशार मुलांत होऊं लागली. म्हणून १८१९ मध्यें, वयाच्या दहाव्या वर्षीं, त्यास पॅरिस येथील अंधशाळेंत धाडण्यांत आलें. तेथें १८२४ च्या सुमारास, म्हणजे अवघ्या पंधराव्या वर्षीं, त्यानें सहा टिंबांची उठावाची लिपि सिद्ध केली. १८२९ मध्यें ती छापून प्रसिद्ध झाली. आज मराठीही त्याच टिंबांनीं लिहितां येते. भारतीय भाषांकरितां सामायिक अशी भारती ब्रेल १९५१ मध्यें ठरली.

ही कथा दोन गोष्टी शिकविते. एक ही कीं, प्रथम गांवच्या शाळेनें दार उघडिलें नसतें तर पॅरिसचें दार त्याच्या दृष्टीस पडलें नसतें. दुसरी ही कीं, नुसतें बांकावर बसविणें पुरेसें झालें नाहीं. वाचावयास लिपि लागली, तेव्हांच तो परावलंबनांतून सुटला. जागा आणि साधन हीं दोन्ही पाहिजेत.

आपल्या देशांतही मिशनांनीं हें काम आरंभिलें. १८८७ मध्यें अमृतसर येथें मिस शार्प यांनीं, आणि १९०० मध्यें मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं अंधांची शाळा काढिली. अशा शाळांचे उपकार मोठे आहेत, आणि कांहीं मुलांस त्या आजही हव्यात. परंतु खेड्यांतील बहुतेक मुलांपासून त्या दूर राहिल्या. आणि जें मूल लहानपणीं घर सोडून गेलें, त्याच्या सोबत्यांस त्याच्याबरोबर राहण्याची संवयच लागली नाहीं.

४. कायद्यानें काय दिलें आहे?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचें शिक्षण दिलें आहे. "प्रत्येक" या शब्दांत अपंग मूल आलेंच. पुढें २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला. त्यानें एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं, आणि ज्या मुलाचें अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक ठरतें त्यास सहा ते अठरा वर्षेंपर्यंत जवळच्या शाळेंत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शाळेनें भेदभाव न करितां प्रवेश द्यावा, इमारत व शौचालय वापरतां येईल असें करावें, आणि मुलास लागेल तें साह्य पुरवावें, असेंही तो सांगतो. तेव्हां प्रवेश मागणारी आई उपकार मागत नाहीं. ती हक्क मागते.

येथें उपदेशकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें वैद्यकीय पथक अंगणवाडींतील मुलांस वर्षांतून दोनदां व शाळेंतील मुलांस एकदां तपासावें असा नियम आहे. जें मूल घरांत आहे तें या पथकाच्या दृष्टीस पडत नाहीं. म्हणून अंगणवाडीच्या बाईंस तपासणीचा दिवस विचारून ठेवावा, आणि त्या दिवशीं तें मूल कडेवर घेऊन का होईना तेथें न्यावें. माझ्या ओळखीच्या त्या मुलीकरितां एवढें कोणी केलें असतें तर तीन वर्षें वांचलीं असतीं.

५. वर्गांत काय करावें?

ज्यास कमी ऐकूं येतें त्यास पुढें, गुरुजींचें तोंड दिसेल असें बसवावें. फळ्याकडे तोंड करून बोलूं नये. ओरडूं नये, ओरडण्यानें शब्द स्पष्ट होत नाहीं, बिघडतो. ज्यास मुळींच ऐकूं येत नाहीं त्याची खुणांची भाषा ही खरी भाषा आहे, तिला स्वतःचें व्याकरण आहे. वर्गांत त्याच्याशीं कोणीच खुणांनीं बोललें नाहीं, तर त्याचें शाळेंत असणें व घरीं असणें सारखेंच.

ज्यास दिसत नाहीं त्याच्याकरितां फळ्यावर लिहितांना तें मोठ्यानें वाचावें. "तिकडे आहे" असें न म्हणतां "तुझ्या उजव्या हातास, दोन पावलांवर" असें सांगावें. चिंचोक्यांनीं हिशेब व पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या सुतळीनें नदीचा मार्ग बोटांस कळतो.

कांहीं मुलें बोलण्यांत चतुर, तोंडी हिशेबांत तरबेज, परंतु वाचावयास बसलीं कीं घ व ध, भ व म यांची गल्लत करितात, काना-मात्रा गाळतात. हा आळस नव्हे. ही अध्ययन अक्षमता होय, आणि २०१६ च्या कायद्यांत तीही गणिली आहे. छडीनें ती जात नाहीं. त्यांचें उत्तर तोंडी घ्यावें व लिहिण्यास अधिक वेळ द्यावा.

ज्याची बुद्धि मंद गतीनें चालते त्यास काम लहान लहान भाग करून शिकवावें, आणि खऱ्या वस्तूंनीं शिकवावें: खोटीं नाणीं नकोत, खरीं, चित्रांतील भाजी नको, टोपलींतील. एक भाग पक्का झाल्यावांचून दुसरा घेऊं नये.

आकडी येणाऱ्या मुलास कांदा किंवा चप्पल हुंगवूं नये. तोंडांत चमचा किंवा बोट घालूं नये. पाणी पाजूं नये. त्यास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ कापड ठेवावें, आणि घड्याळ पाहावें. पांच मिनिटांहून अधिक चालली तर दवाखान्यांत न्यावें. हा रोग शिवल्यानें लागत नाहीं. म्हणून त्या मुलास वेगळें बसविण्याचें कारण नाहीं.

एक शिक्षक आणि दोन-तीन वर्ग, अशी खेड्यांतील स्थिति मला ठाऊक आहे. फिरते विशेष शिक्षकही रोज येऊं शकत नाहींत. तथापि वर सांगितलेल्या पुष्कळ गोष्टींस पैसा लागत नाहीं. आणि फळ्यावरील मजकूर मोठ्यानें वाचला तर शेवटच्या रांगेंतील डोळस मुलासही तो अधिक कळतो. दुर्बळाकरितां रुंद केलेल्या वाटेनें सर्वच सुखानें चालतात.

६. मंडळीनें काय करावें?

प्रथम, वस्तींतील घरोघर जाऊन शाळेबाहेरील अशा मुलांचीं नांवें लिहून काढावीं, आणि आईबापांबरोबर मुख्याध्यापकांकडे जावें. एकटी आई परत फिरते. चार माणसें बरोबर असलीं म्हणजे तिचें ऐकून घेतात. दुसरें, शेजारचें एक मोठें मूल सोबती नेमावें. तें रोज त्यास शाळेंत नेईल व परत आणील. तिसरें, आपल्या प्रार्थनामंदिराच्या पायऱ्या पाहाव्या. एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार असावा. त्याहून उभा असला तर खुर्ची ढकलवत नाहीं. चौथें, "लंगड्या", "मुकी" अशीं नांवें आपल्या तोंडून जावीं. मुलास बाप्तिस्म्याचें नांव दिलें आहे. त्याच नांवानें हांक मारावी.

वाचकहो, हजेरीपटावरील ती जागा आपोआप भरत नाहीं. कोणीतरी त्या दारापर्यंत चालत जावें लागतें. मीं एकदां तेथून मागें फिरण्याचा सल्ला दिला. तुम्ही तसें करूं नका.

विचारार्थ प्रश्न

१. तुमच्या वस्तींत शाळेंत न जाणारें असें मूल आहे काय? त्याचें नांव तुम्हांस ठाऊक आहे काय?
२. लुई ब्रेल यास गांवांतील तिघांनीं कोणतें साह्य केलें? त्यांपैकीं कोणतें तुम्हांस करितां येईल?
३. अंगणवाडींतील पुढील तपासणी केव्हां आहे, व तिला कोण कोणास घेऊन जाईल?