सुट्या भागांचा मेळ

१९८१ च्या ऑगस्ट महिन्यात आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, आणि त्याच्या विद्युतमंडलांचे आराखडेही तांत्रिक पुस्तिकेत छापून सर्वांना उपलब्ध करून दिले. त्यामुळे त्याला जोडता येतील असे भाग इतर कारखानदारांना बनविता येऊ लागले, आणि ठिकठिकाणचे भाग एकत्र आणून संगणक उभा करण्याची प्रथा पुढे रूढ झाली. मात्र जो भाग जागेवर बसतो तो चालतोच, ही समजूतही तिच्याबरोबर पसरली. या समजुतीपायी अनेकांचे पैसे पाण्यात गेले आहेत.

मेळाचा विचार प्रोसेसर आणि मदरबोर्ड या जोडीपासून करावा लागतो. प्रोसेसर ज्या बैठकीवर बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीच्या एएम४ या सॉकेटला १३३१ छिद्रे असून प्रोसेसरच्या पिना त्यांत उतरतात. २०२२ साली आलेल्या एएम५ मध्ये पिना सॉकेटातच असून त्यांची संख्या १७१८ आहे. येथे चूक होण्यास वावच नाही. इंटेलच्या एलजीए ११५१ ची गोष्ट निराळी. २०१५ साली हे सॉकेट सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी आले. २०१७ च्या ऑक्टोबरात आठवी पिढी आली, तेव्हा पिनांची संख्या तीच राहिली, आकारही तोच राहिला. परंतु काही पिनांकडे सोपविलेले काम बदलले. परिणामी नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बिनतक्रार बसे आणि संगणक मात्र सुरू होत नसे.

कधी कधी पिना जुळूनही अडचण उरते. एएम४ च्या जुन्या मदरबोर्डवर २०२० सालचा रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर बसविला आणि बोर्डातील बायॉस ही मूलभूत आज्ञावली जुनीच असली, तर पडद्यावर काहीही उमटत नाही. ती अद्ययावत करावयाची, तर पुष्कळ बोर्डांना आधी चालणारा जुना प्रोसेसर हवा! म्हणून बोर्डाच्या निर्मात्याने प्रसिद्ध केलेली प्रोसेसरांची यादी, तीतील बायॉसच्या आवृत्तीसह, खरेदीपूर्वीच पाहावी.

स्मृतिपट्टीच्या बाबतीत कारखानदारांनी दक्षता घेतली आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोहोंना २८८ संपर्कबिंदू असले, तरी खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. पेटीची निवड हे तर निव्वळ मोजपट्टीचे काम होय: एटीएक्स मापाचा बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असतो, ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरील पंख्याची उंची तेवढी मोजून घ्यावी.

खरा धोका आहे तो वीजपुरवठा करणाऱ्या संचात, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. काही संचांच्या तारा सुट्या करता येतात. या तारांचे मदरबोर्डकडील टोक ठरलेल्या प्रमाणानुसार असते. संचाकडील टोकाला असे सर्वमान्य प्रमाण नाही. एका संचाची तार दुसऱ्यात सहज शिरते, परंतु जेथे ५ व्होल्ट हवेत तेथे १२ व्होल्ट जाऊ शकतात. असे घडल्यास साठवणीची चकती क्षणात जळते, आणि तिच्यावरील वर्षानुवर्षांची कागदपत्रे व छायाचित्रे बहुधा परत मिळत नाहीत. यास्तव संच बदलताना, पेटीत नीट ओवलेल्या जुन्या तारा तशाच ठेवण्याचा मोह कितीही झाला, तरी त्या सर्व काढून नव्या संचाबरोबर आलेल्याच तारा जोडाव्या लागतात.