अंकांचे कुलूप

बिदरमधील बिदरी कारागिराचे एखादे लहानसे दुकान डोळ्यांसमोर आणा. जस्त व तांबे यांच्या काळ्याभोर भांड्यांत जडविण्याची चांदीची तार तेथे असते. कुलूप भक्कम हवेच. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईस कुलपांचा कारखाना काढला, तेव्हा कुलूप म्हटले की किल्ली आलीच. (आमच्या कोंकणी घरात तिला ‘चावी’ म्हणतात, हा शब्द पोर्तुगीजांकडून आला.) मात्र किल्ली जवळ असलेला नोकर काम सोडून गेला, तर सबंध कुलूपच बदलावे लागते. अंकांच्या बिनतारी कुलपात केवळ संख्या बदलली की झाले.

हे कुलूप बसवितांना दार उघडेच ठेवावे, म्हणजे चूक झाली तरी आपण बाहेर अडकत नाही. चौकटीवरील बटणांची पाटी दारातील कुलपास रेडिओलहरींनी संदेश धाडते. दोन्ही बहुधा सेलवर चालतात. वीज गेली तरी अडत नाही. कारखान्याने घातलेली संख्या प्रथम बदलावी. कुलपासोबत साधी किल्ली मिळाली असेल, तर ती दुकानात नव्हे, घरी ठेवावी.

आता गणित. चार अंकांच्या संख्या ०००० पासून मोजल्यास १०,००० होतात. परंतु रोज दाबलेली चार बटणे झिजून ओळखू येऊ लागली, तर चोरापुढे अवघे २४ क्रम उरतात! एक अंक दोनदा घेतला, तर तीनच बटणे झिजतात; क्रम मात्र ३६ होतात. कसे, ते वहीत मांडून पाहा. तरीही ३६ म्हणजे काही फार नव्हेत. संख्या अधूनमधून बदललेली बरी. पुष्कळ दुकानदार मुलाचे जन्मवर्षच घेतात, आणि ते तर साऱ्या गल्लीस पाठ असते.